परत न आलेल्या जनावराचा हिशेब

भंडारा जिल्ह्यांतील धानपट्टीच्या गांवीं सकाळीं आखरावर ढोरें जमतात. ढोरकी त्यांना घेऊन रानांत जातो आणि दिवेलागणीच्या सुमारास परत आणतो. घरोघरीं दारांत कोणी ना कोणी उभें असतें. आपापलें जनावर गोठ्यांत शिरलें कीं फाटक ओढून घेतलें जातें. एखादे दिवशीं एका घरचें फाटक मात्र उघडेंच राहतें. गाय आलेली नसते.

ती मेली काय? तसें म्हणावयास पुरावा नाहीं. जिवंत आहे काय? तेंही कोणी शपथेवर सांगूं शकत नाहीं. दुसऱ्याच्या कळपांत मिसळली असेल, नाल्याच्या गाळांत रुतली असेल, शेजारच्या गांवच्या कोंडवाड्यांत पडली असेल, वाघानें नेली असेल. घरधनी त्या रात्रीं तिला मेलेल्यांत घालीत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशींच्या दुधाच्या हिशेबांतही धरीत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, काल दुपारपर्यंत ढोरक्यानें तिला तळ्याच्या पाळीवर पाहिलेली आहे.

ह्या एका साध्या वाक्यांत एका शास्त्राचें बीज आहे. संख्याशास्त्राच्या त्या शाखेला इंग्रजींत 'सर्व्हायव्हल ॲनालिसिस' म्हणतात; मराठींत तिला जीवनावधीचें गणित म्हणतां येईल. लस टोंचलेलीं जनावरें किती काळ जगलीं, औषध दिलेलीं वासरें पहिला पावसाळा पार पडलीं कीं नाहीं, जंगलांत नवा आलेला वाघ तेथें किती दिवस टिकला, अशा प्रश्नांचीं उत्तरें पशुवैद्यक आणि वन्यजीव-संशोधक ह्याच गणितानें काढतात. वरवर पाहतां ह्यांत अवघड कांहीं दिसत नाहीं. जगलेलीं मोजावीं, मेलेलीं मोजावीं आणि शेंकडा प्रमाण काढावें, एवढेंच काम! परंतु तें फाटक उघडें राहिलें कीं सारा हिशेब अडतो.

ह्या अडचणीचें सर्वांत गाजलेलें उदाहरण भंडारा जिल्ह्याच्याच सीमेवर घडलें. नागझिऱ्याच्या जंगलांत २०१० च्या सुमारास जन्मलेला एक नर वाघ २०१३ सालीं आपलें जन्मस्थान सोडून निघाला. शेतें, गांवें, नागपूर-रायपूर हमरस्ता आणि वैनगंगेचें पात्र ओलांडून तो उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत येऊन राहिला. हें अभयारण्य आदल्याच वर्षीं, म्हणजे २०१२ सालीं, घोषित झालें होतें. त्याचा बराच भाग नागपूर जिल्ह्यांत आणि कांहीं भाग भंडाऱ्याच्या पवनी तालुक्यांत येतो. 'शोले' चित्रपटांतल्या पात्रावरून ह्या वाघाला 'जय' असें नांव पडलें. त्याच्या प्रचंड देहामुळें आणि निर्भय वागण्यामुळें त्याची कीर्ति इतकी पसरली कीं, ज्यांनीं कऱ्हांडल्याचें नांवही पूर्वीं ऐकलें नव्हतें, ते लोक दुरून त्याला पाहावयास येऊं लागले.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनीं सप्टेंबर २०१५ मध्यें त्याच्या गळ्यांत रेडिओ-संदेश पाठविणारा पट्टा घातला. तो बिघडला, म्हणून मार्च २०१६ मध्यें दुसरा घालण्यांत आला. त्या दुसऱ्या पट्ट्याचा शेवटचा संदेश १८ एप्रिल २०१६ रोजीं आला, आणि त्यानंतर कांहीं नाहीं. शेंकडों माणसें शोधाला लागलीं, गांवोगांव चौकशी झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु निःसंशय त्याचा म्हणतां येईल असा देह अथवा पट्टा हातीं लागला नाहीं. आज वयाच्या मानानें तो जिवंत असण्याची आशा जवळजवळ उरलेली नाहीं, हें खरें. पण तो कोणत्या दिवशीं मेला हें कोणालाच ठाऊक नाहीं, आणि गणिताला दिवस लागतो.

मग संशोधकानें आपल्या वहींत त्याच्या नांवापुढें काय लिहावें?

वाघाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून एक लहान उदाहरण घेणें सोयीचें होईल. ज्या श्रोत्यांजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं ती ओढून घ्यावी. आंकडे थोडेच आहेत आणि ते कल्पनेनें घेतलेले आहेत. एका गांवांत म्हशींचीं दहा रेडकें जन्मलीं. प्रत्येकावर जन्मापासून नव्वद दिवस नजर ठेवावयाची असें ठरलें. म्हशीच्या रेडकाचे पहिले तीन महिने मोठे नाजूक असतात. व्याल्यावर पहिल्या कांहीं तासांत त्याला पोटभर चीक मिळाला नाहीं तर रोगाशीं झगडण्याची शक्तिच त्याच्या अंगीं येत नाहीं. पुढें हगवण लागते, फुफ्फुसें सुजतात, आणि आईच्या दुधावाटेंच पोटांत शिरलेले गोल जंत त्याला आंतून पोखरतात. त्यांतून तें नर असलें तर मालकाची माया आणखीच पातळ होते, ही कटु गोष्ट गोठ्यांत वावरणाऱ्या कोणालाही सांगावी लागत नाहीं.

आतां वहींतल्या नोंदी पाहाव्या. पांचव्या दिवशीं एक रेडकूं मेलें. आठव्या दिवशीं एक विकलें गेलें. बाराव्या दिवशीं आणखी एक मेलें. तिसाव्या दिवशीं दोन विकलीं गेलीं. चाळिसाव्या दिवशीं एक मेलें. उरलेलीं चार नव्वदाव्या दिवशीं जिवंत होतीं. विकलेलीं तिन्ही परगांवीं गेलीं. त्यांचें पुढें काय झालें हें कळण्यास मार्ग नाहीं. प्रश्न असा कीं, ह्या गांवच्या रेडकाला नव्वद दिवस जगण्याची आशा शेंकडा किती?

ही वही तीन कारकुनांकडे दिली असें समजावें. पहिला म्हणतो, शेवटीं चारच हजर आहेत. दहांपैकीं चार, म्हणजे शेंकडा चाळीस. त्यानें विकलेलीं रेडकें मेलेल्यांत जमा केलीं. दुसरा म्हणतो, ज्यांचा पत्ता नाहीं त्यांचीं नांवें खोडून टाकावीं. उरलीं सात, त्यांत जगलीं चार, म्हणजे शेंकडा सत्तावन्न. तिसरा म्हणतो, मेल्याची नोंद फक्त तिघांची आहे; सात जगलीं, म्हणजे शेंकडा सत्तर. वही एक, रेडकें तींच, आणि उत्तरें तीन! एखाद्या नव्या औषधाची परीक्षा चालली असेल तर तें विकणाऱ्याला तिसरा कारकून आवडेल आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पहिला. दोघांपैकीं कोणीही वहींत खाडाखोड केलेली नाहीं, हेंच ह्यांतलें भय.

दुसऱ्या कारकुनाची चूक सर्वांत सभ्य दिसते, म्हणून तीच जास्त होते. माहिती अपुरी आहे, तेव्हां ती सोडून द्यावी, असें त्याचें म्हणणें. परंतु तिसाव्या दिवशीं विकलेलीं दोन रेडकें तीस-तीस दिवस जगलीं होतीं, आठव्या दिवशीं विकलेलें आठ दिवस जगलें होतें. अडुसष्ट दिवसांचें जगणें त्यानें केराच्या टोपलींत टाकलें. ज्या बाराव्या दिवशीं एक रेडकूं मेलें, त्या दिवशीं तीं दोन त्याच गांवांत, त्याच हवेंत, तेंच पाणी पिऊन जिवंत उभीं होतीं. त्या दिवसापुरती त्यांची साक्ष पूर्ण आहे. ती नाकारण्याचा अधिकार कोणाला नाहीं.

चौथी रीत ह्या साक्षीवरच उभी आहे. ती म्हणते, नव्वद दिवसांचा विचार एकदम करूं नये. ज्या ज्या दिवशीं मृत्यु घडला, तेवढ्याच दिवशीं थांबावें आणि विचारावें कीं, आज सकाळीं डोळ्यांपुढें जिवंत किती होतीं आणि त्यांपैकीं गेलीं किती? पांचव्या दिवशीं दहा होतीं, एक गेलें. दहांतून नऊ पार पडलीं. आठव्या दिवशीं एक विकलें गेलें. मृत्यु नाहीं, म्हणून येथें थांबावयाचें नाहीं, फक्त गणतींतून एक कमी करावयाचें. बाराव्या दिवशीं आठ होतीं, एक गेलें. आठांतून सात पार पडलीं. तिसाव्या दिवशीं दोन विकलीं गेलीं. पुन्हां गणती कमी झाली. चाळिसाव्या दिवशीं पांच होतीं, एक गेलें. पांचांतून चार पार पडलीं. आतां हीं पार पडण्याचीं प्रमाणें एकमेकांशीं गुणावीं. नऊ-दशांश गुणिलें सात-अष्टमांश गुणिलें चार-पंचमांश. उत्तर येतें शंभरांत त्रेसष्ट. चाळीस नव्हे, सत्तावन्न नव्हे, सत्तरही नव्हे.

येथें कोणाचेंही नांव खोडलेलें नाहीं आणि कोणालाही खोटें मारलेलें अथवा जगविलेलें नाहीं. जें रेडकूं ज्या दिवसापर्यंत दिसलें, त्या दिवसापर्यंतच त्याची साक्ष घेतली. अशा नोंदीला इंग्रजींत 'सेन्सॉर्ड' म्हणतात; चित्रपटांच्या सेन्सॉरशीं तिचा संबंध नाहीं. मराठींत तिला उघडें खातें म्हणावें. सावकाराच्या वहींत ज्याचा जमाखर्च अजून मिटला नाहीं तें जसें उघडें खातें, तसेंच हें. नव्वद दिवस जगलेल्या त्या चार रेडकांचीं खातींही खरें पाहतां उघडींच आहेत. तीं एक्याण्णवाव्या दिवशीं मेलीं कीं दहा वर्षें जगलीं, हें वही सांगत नाहीं.

मेलेल्यांच्या नोंदींवरून जगण्याचा अंदाज बांधण्याची कल्पना फार जुनी आहे. जॉन ग्राँट नांवाच्या लंडनच्या एका कापड-व्यापाऱ्यानें १६६२ सालीं तेथल्या मृत्युपत्रकांवरून असें कोष्टक मांडलें कीं, जन्मलेल्या शंभरांपैकीं सहा वर्षांच्या अखेरीस चौसष्टच उरतात. धूमकेतूमुळें प्रसिद्ध झालेल्या हॅलीनें १६९३ सालीं ब्रेस्लाउ शहराच्या नोंदींवरून याहून व्यवस्थित कोष्टक केलें, आणि विमा कंपन्यांचा धंदा पुढें अशाच कोष्टकांवर उभा राहिला. परंतु थोड्या जनावरांच्या, तुटक नोंदींच्या वहीला लागू पडेल अशी रीत पक्की झाली ती १९५८ सालीं. एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर अशीं त्या दोघा अमेरिकन संशोधकांचीं नांवें. एकापुढें प्रश्न होता समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोन-तारांमधील निर्वात नळ्या किती काळ टिकतात हा. दुसऱ्यापुढें होते कर्करोगाचे रोगी. दोघांनीं वेगवेगळें लिहून एकाच नियतकालिकाकडे पाठविलें आणि शेवटीं मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. काचेच्या नळीचें आणि माणसाचें गणित एकच निघावें, ह्यांत नवल वाटण्यासारखें आहे खरें. पण दोन्हीकडे अडचण एकच होती. पुष्कळ नळ्या अजून फुटल्या नव्हत्या आणि पुष्कळ रोगी अजून जिवंत होते. योगायोग असा कीं, नागपुरास पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें तेंही १९५८ सालींच.

त्यापूर्वीं ह्या देशांत पशुरोगांवर संशोधन होत नव्हतें असें मात्र नाहीं. बुळकांडीच्या सांथीनीं गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओस पडत, त्या काळीं १८८९ सालीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास नेण्यांत आली. बुळकांडी २०११ सालीं साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें; त्या यशामागें अशा प्रयोगशाळांचें दीर्घ काम आहे. पण प्रयोगशाळेंतलें जनावर खुंट्याला बांधलेलें असतें. तें हरवत नाहीं, बाजारांत जात नाहीं, मुलीच्या सासरीं आंदण दिलें जात नाहीं. संशोधक गांवांत आणि रानांत उतरला तेव्हांच हें गणित त्याला खऱ्या अर्थानें लागूं लागलें.

ह्या रीतीनें काढलेला आलेख जिन्यासारखा दिसतो. मृत्यु घडला कीं एक पायरी उतरते, मधल्या काळांत सपाट चालतो. पायऱ्यांच्या उंचीकडे मात्र सावधपणें पाहावें लागतें. आपल्या उदाहरणांत पहिल्या मृत्यूनें दहा अंश उतरले आणि तिसऱ्यानें जवळजवळ सोळा. तिसरें मरण कांहीं अधिक भयंकर नव्हतें, तेव्हां गणतींत पांचच रेडकें उरलीं होतीं इतकेंच. जिन्याचें खालचें टोंक नेहमींच थोड्यांच्या आधारावर लोंबत असतें. त्या टोंकावरून मोठमोठे निष्कर्ष काढणारे अहवाल पुष्कळ निघतात. तसेंच, निम्मीं जनावरें किती दिवसांत गेलीं असा प्रश्न हटकून विचारला जातो. आपला जिना त्रेसष्टावरच थांबला आहे, निम्म्यावर आलेलाच नाहीं. तेथें खरें उत्तर एकच: निम्म्याची वेळ अजून आलेली नाहीं.

आतां दोन कळपांची तुलना. समजा, कांहीं रेडकांना जन्मतांच दोन तासांच्या आंत चीक पाजला आणि कांहींना, गांवाच्या जुन्या समजुतीप्रमाणें, वार पडेपर्यंत थांबविलें. चिकानें फरक पडला काय? नॅथन मॅन्टेल नांवाच्या संख्याशास्त्रज्ञानें १९६६ सालीं सुचविलेली रीत येथें कामीं येते. पुन्हां प्रत्येक मृत्यूच्या दिवशीं थांबावें. त्या सकाळीं आठ रेडकें जिवंत होतीं. त्यांत पांच लवकर चीक प्यालेलीं आणि तीन उशिरा प्यालेलीं. चिकाचा गुण-अवगुण कांहींच नसता, तर मेलेलें रेडकूं लवकर प्यालेल्यांतलें असण्याचा संभव आठांत पांच. प्रत्येक मरणाला असा वांटा लिहून ठेवावा, शेवटीं बेरीज करावी आणि प्रत्यक्षांत किती मेलीं त्याच्याशीं ताडून पाहावी. अपेक्षा सहांची असतां दोनच मेलीं, तर चिकाच्या बाजूनें बोलतां येतें. अपेक्षा सहाची आणि मेलीं पांच, तर तो नशिबाचा खेळही असूं शकेल. पुढें १९७२ सालीं इंग्लंडच्या डेव्हिड कॉक्सनें ह्याच विचाराला अशी जोड दिली कीं, आईचें वय, ऋतु, जात, वजन ह्या सर्वांचा भार एकाच वेळीं तोलतां यावा. आज जनावरांच्या आरोग्याविषयींचा क्वचितच एखादा मोठा अभ्यास कॉक्सच्या नांवावांचून पुरा होतो.

परंतु सूत्रांहून अधिक घोटाळे होतात ते घड्याळ केव्हां सुरू करावयाचें ह्यांत. २०२२ सालीं लंपी चर्मरोगानें महाराष्ट्रांतील गुरांना घेरलें, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोंचण्याची मोठी मोहीम राज्यांत झाली. समजा, एखाद्या गांवांत रोग पहिल्या तारखेस शिरला आणि लस टोंचणारे पंधराव्या तारखेस पोंचले. दहाव्या तारखेस मेलेली गाय कोणत्या रकान्यांत जाणार? अर्थातच, लस न टोंचलेल्यांच्या. आणि लस टोंचलेली प्रत्येक गाय निदान पंधरा दिवस जगलेली असणार, नाहींतर ती टोंचून घ्यावयास उरलीच नसती! पहिल्या तारखेपासून दोन्ही रकाने मोजले, तर नुसत्या पाण्याची सुई टोंचली असती तरी ती गुणकारी ठरली असती. तें चौदा दिवसांचें जगणें लसीनें कमावलेलें नाहीं. म्हणून खरी रीत अशी कीं, प्रत्येक गायीचे पहिले चौदा दिवस लस न टोंचलेल्यांच्या रकान्यांत मांडावे आणि पंधराव्या दिवशीं तिला उचलून दुसऱ्या रकान्यांत न्यावें. लसीचा गुण अंगीं भिनण्यास दोन-तीन आठवडे लागतात, त्याचाही विचार करावा. लस चांगली आहे म्हणून हिशेब ढिला ठेवला तरी चालेल, असें नाहीं. ढिल्या हिशेबानें चांगल्या लसीवरचाही विश्वास उडतो.

वाघांच्या बाबतींत हीच गोष्ट निराळ्या रूपानें येते. नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पांत २० मे २०२३ रोजीं ब्रह्मपुरीच्या जंगलांतून आणलेल्या दोन वाघिणी सोडण्यांत आल्या आणि तिसरी एप्रिल २०२४ मध्यें. तिघींचे दिवस एकाच तारखेपासून मोजतां येत नाहींत. तिसरी गणतींत येईल ती तिच्या आगमनाच्या दिवसापासूनच. पट्टा घातलेल्या प्राण्यांसाठीं कॅप्लान-मायर रीतींत एवढा बदल करावा असें केनेथ पोलॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं दाखवून दिलें. गणतींतून जनावर कमी होतें तसें तें मधूनच वाढतेंही, इतकाच त्याचा अर्थ. आखरावर नवें ढोर आलें म्हणजे ढोरकी दुसरें काय करतो?

येथवर सर्व सुरळीत चाललें आहे असें वाटेल. पण ह्या साऱ्या इमारतीखालीं एक अट पुरलेली आहे, आणि ती पुष्कळदां अहवालाच्या अगदीं शेवटच्या ओळीला लपून बसते. अट अशी कीं, जनावर नजरेआड होण्याचा आणि त्याच्या मरणाचा एकमेकांशीं संबंध नसावा. विकलेलीं रेडकें जर पैशाची निकड म्हणून विकलीं असतील, तर तीं गोठ्यांत राहिलेल्यांसारखींच होतीं, आणि मागें राहिलेल्यांवरून त्यांच्याविषयीं अंदाज करणें न्याय्य आहे. पण मालकानें रेडकूं मान टाकूं लागलेलें पाहिलें, उद्यां त्याचे दोन पैसेही येणार नाहींत हें ओळखलें आणि आजच त्याला बाजाराच्या रस्त्याला लावलें, असें असेल तर? मग तें उघडें खातें नव्हे. तें झांकलेलें मरण आहे. त्रेसष्टाचा आंकडा तेव्हां खोटी आशा दाखवितो.

विकण्याचें कारण विचारून लिहून ठेवणें हाच त्यावरचा मुख्य उपाय. त्याला संख्याशास्त्र लागत नाहीं, दाराशीं बसून दोन घटका बोलण्याची तयारी लागते. जे संशोधक एवढी तसदी घेत नाहींत, त्यांचीं सूत्रें कितीही बिनचूक असलीं तरी वही आंधळीच राहते.

आणि आतां पुन्हां जयकडे वळावयास हरकत नाहीं. गळ्यांतला पट्टा मुका होतो, ह्याचे अर्थ अनेक. घटक संपला, तार तुटली, वाघ संशोधकांच्या टप्प्याबाहेर गेला. ह्या कारणांचा मरणाशीं संबंध नाहीं, आणि जयचा पहिला पट्टा बिघडला तेव्हां वाघ धडधाकट होता, हें सर्वांनीं पाहिलें होतें. परंतु मार्ग आणखी एक आहे. जयचा म्हणून ओळखला जाणारा श्रीनिवास नांवाचा तरुण वाघ, त्याच्याही गळ्यांत पट्टा होता. एप्रिल २०१७ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडच्या परिसरांत शेताच्या कुंपणांत सोडलेल्या विजेच्या धक्क्यानें तो मेला. पिकाला रानडुकरांचा उपद्रव होतो म्हणून अशीं कुंपणें रात्रीं जिवंत केलीं जातात. तीं वाघ आणि डुक्कर असा भेद करीत नाहींत. श्रीनिवासचा पट्टा हातीं लागला, मग तपास झाला, आणि पुरून टाकलेलें शव सांपडलें.

ह्यावरून दिसेल कीं, ज्या हातून वाघ मरतो तोच हात घाबरून पट्टाही नाहींसा करूं पाहतो. अशा वेळीं संदेश बंद पडणें आणि प्राण जाणें ह्या दोन घटना नव्हेत. एकाच घटनेच्या त्या दोन बाजू आहेत. श्रीनिवासचा पट्टा मिळाला नसता, तर त्याचेंही खातें उघडेंच राहिलें असतें, आणि आलेखाचा जिना एका पायरीनें कमी उतरला असता. विजेच्या कुंपणांनीं किती वाघ मेले हें ठरवून त्यावर उपाय करावयाचा, तर अशा पायऱ्या मोजणें हेंच तर काम! मुक्या पट्ट्यांना सरसकट निरुपद्रवी मानणारा हिशेब नेमकीं तींच मरणें गाळतो, ज्यांच्यासाठीं तो मांडला आहे.

ह्यावर प्रामाणिक संशोधक काय करतो? आश्चर्य असें कीं, तो त्या पहिल्या आणि तिसऱ्या कारकुनाला पुन्हां बोलावतो. हरवलेलीं सर्व त्याच दिवशीं मेलीं असें धरल्यास आशा किती, आणि हरवलेलीं सर्व शेवटपर्यंत जगलीं असें धरल्यास किती, हीं दोन्ही उत्तरें तो आपल्या उत्तराच्या शेजारीं मांडतो. रेडकांच्या वहींत तीं चाळीस आणि सत्तर होतील. खरें काय तें ह्या दोन कुंपणांच्या मध्यें कोठेंतरी आहे. कुंपणांतलें अंतर थोडें असेल तर त्रेसष्टावर भिस्त ठेवतां येते. अंतर मोठें असेल, तर सूत्र बदलून भागत नाहीं, पुन्हां गांवांत जाऊन विकलेल्या रेडकांचा माग काढावा लागतो.

वाघांच्या वहींतही प्रत्येकाची एक ओळ असते. गणतींत आल्याची तारीख, शेवटचा दिसल्याची अथवा संदेश आल्याची तारीख, आणि शेवटीं एक लहानसा रकाना, ज्यांत मृत्यु नक्की ठाऊक असेल तर १ लिहावयाचा, नाहींतर ०. श्रीनिवासच्या ओळींत १ लिहितां येतो. जयच्या ओळींत शेवटची तारीख १८ एप्रिल २०१६ ही पडते, आणि त्या लहानशा रकान्यांत ०.